न्हाणीघरातली म्हादई

गेल्या मे महिन्यात सौ.च्या आत्याकडे कमठाण्याला जाऊन आलो. कमठाणा हे बिदरजवळचं गाव, कर्नाटकातलं. आता कर्नाटक म्हटलं की आम्हा गोंयकारांच्या कपाळाला आठ्या पडतात. कारण अर्थातच म्हादई. त्याच कर्नाटकातल्या एका न्हाणीत माझी जी फजिती झाली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

पहिल्याच सकाळी आत्याबाईंनी दोन बादल्या दाखवल्या. "जावईबापू, ही अंघोळीची अन् ही बाकीला. नळ परवा येतो." मी दोन्ही बादल्या संपवल्या आणि आतूनच तिसरीसाठी हाक मारली! कोणी काही बोललं नाही. बाहेर येऊन पाहतो तर सत्तरीच्या आत्याबाई कोपऱ्यावरच्या बोअरवरून घागर घेऊन येत होत्या. जेवणापर्यंत सौ. माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

त्या घरात अंघोळीचं पाणी पन्हळीतून केळीला जातं. धुण्याचं शेवटचं पाणी अंगणात शिंपडतात. हे पाहून "वा, काय ही संस्कृती!" असं म्हणायचा मोह होतो. म्हणू नये. ती नाइलाजाची काटकसर आहे आणि तिचा भार बाईच्या कमरेवर आहे. पण संस्कृती तिथे नाही असंही नाही. बिदर आपल्या गोव्यासारखंच जांभ्या दगडावर वसलेलं. जांभ्यातून झिरपलेलं पाणी खालच्या काळ्या पाषाणापाशी अडतं, हे ओळखून पंधराव्या शतकात, बहमनी राजवटीत, इराणी पद्धतीची भुयारं खोदली गेली. नौबादची सुरंग बावी त्यातलीच. पाणी कुठून येतं, हे त्या लोकांना ठाऊक होतं. आपल्याला ते नळातून येतं एवढंच ठाऊक!

परतल्यावर मी घरच्या शॉवरखाली बादली ठेवली आणि घड्याळ लावलं. अठरा लिटरांची बादली दोन मिनिटांत भरली. माझी अंघोळ आठ मिनिटांची, म्हणजे चार बादल्या. दाढी करताना नळ चालू, तो हिशोब वेगळा. फ्लशची जुनी टाकी दर वेळी दहा लिटर ओतते. बेसिनचा नळ गळत होता, सेकंदाला एक थेंब. दिवसाचे 86,400 थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरांच्या वर. कारकून माणूस मी, दुसऱ्यांच्या फायलींतले आकडे जन्मभर तपासले, आणि स्वतःच्या न्हाणीचा हिशोब हा असा.

आता कोणी म्हणेल, गोव्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बिदरला जेमतेम नऊशेच्या आसपास, मग तुलना कशाला? वाचकहो, 2019 चा ऑगस्ट आठवा. कुर्टी-खांडेपारला मुख्य जलवाहिनी फुटली आणि पणजीसह तिसवाडी, फोंडा तालुक्यांत कित्येक दिवस नळ कोरडे पडले. बाहेर पाऊस, आणि आपण पागोळ्यांखाली बादल्या लावून उभे! ढगातलं पाणी आणि नळातलं पाणी यांत धरण आहे, पंप आहे, वीज आहे, आणि साहजिकच मर्यादाही आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. हॉटेलांचे तलाव, फुटक्या जलवाहिन्या यांपुढे माझी बादली ती काय? खरं आहे. मोठ्यांना मोकळं सोडून सामान्य माणसाला "पाणी वाचवा"ची पोस्टरं दाखवणं हा ढोंगीपणाच आहे. त्यांच्याकडे हिशोब मागायलाच हवा. पण मागणाऱ्याचा स्वतःचा नळ गळत असेल तर त्या मागणीला धार कुठून येणार?

2021 मध्ये आपल्या सरकारने महिन्याला 16 हजार लिटरांपर्यंत पाणी मोफत देण्याची योजना जाहीर केली. चौघांच्या घरात ते माणशी रोज 133 लिटर होतं, म्हणजे सातहून अधिक बादल्या. त्याच काळात जलजीवन मिशनचं खेड्यांसाठीचं माप होतं माणशी 55 लिटर, म्हणजे तीन बादल्या. आणि बिदरच्या शेजारच्या लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. ते पाणी तिथे कोणी शॉवरने अंगावर घेतलं असेल का?

2018 मध्ये म्हादई लवादाने गोव्याला 24 टीएमसी पाणी दिलं, कर्नाटकाला 13.42. त्यावर आपण चिडलो. नदीसाठी, खाऱ्या पाण्यासाठी, अभयारण्यासाठी चिडणं योग्यच होतं. मीही मोर्चात घोषणा दिल्या आहेत. पण त्या दिवशी घरी येऊन घाम घालवायला किती वेळ शॉवरखाली उभा राहिलो, ते आता आठवतं आणि लाज वाटते. म्हादई काय फक्त कणकुंबीला वाचवायची?

आपल्या आज्यांच्या न्हाणीत भाण होतं, तांब्या होता, आणि सांडपाणी माडाच्या मुळाशी जात होतं. फ्लॅटमध्ये माड नाही हे मान्य. पण बादली-तांब्या ठेवायला तर जागा आहे? जुन्या टाकीत पाण्याने भरलेली लिटरची बाटली टाकली की दर फ्लशला एक लिटर वाचतो. नळाचा वायसर काही रुपयांना मिळतो. मी हे तिन्ही केलं. आता आठ मिनिटांच्या चार बादल्यांऐवजी एका बादलीत अंघोळ होते आणि अंग तितकंच स्वच्छ असतं.

आत्याबाईंना फोनवर हे सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "बरं झालं जावईबापू. पुढच्या खेपेला घागर तुम्हीच आणा मग."

आणीन म्हणालो आहे.