बॅटरीचे सेल फेकू नयेत

आपल्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आत घालतात त्याला सेल. माझे मत असे आहे की बॅटरीत पुन्हा भरता येणारे सेल वापरावेत, आणि ते भरण्याचे यंत्र शाळेत आपणच जोडावे.

शेतीची लाईट पुष्कळदा रात्रीच येते. मग बाबा मोटार चालू करायला विहिरीवर जातात. वाटेत मण्यार, घोणस असते. बॅटरी मिणमिणती असली की बाबा येईपर्यंत आई दारातच उभी राहते. आजी सेल उन्हात ठेवते. उन्हाने सेल थोडा वेळ बरा चालतो, पण भरत नाही. ऊब लागली की आतली क्रिया जरा जोरात होते, इतकेच. दोन दिवसांनी तो उकिरड्यावर जातो. तिथे गंजून फुटतो आणि आतला मसाला मातीत मिसळतो. त्याच उकिरड्याचे खत आपण शेतात घालतो!

माझा मामेभाऊ घाटकोपरला राहतो. त्याने आर्डुइनो नावाच्या छोट्या बोर्डावर सेल भरण्याचे यंत्र केले. हा बोर्ड २००५ साली इटलीत शिकणाऱ्या मुलांसाठी निघाला. भरायचा सेल १.२ व्होल्टचा असतो. २००० एमएएचचा सेल २०० मिलिअँपिअरने भरला तर १४ ते १६ तास लागतात. बोर्डाच्या एका पिनेतून इतका करंट निघत नाही, म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर लावतात. बोर्ड नुसता राखणदार. तो व्होल्ट आणि गरमपणा मोजत राहतो. वेळ संपली किंवा सेल तापू लागला की करंट तोडतो. काही स्वस्त चार्जर आपोआप बंदच होत नाहीत. मग सेल तापून लवकर खराब होतो.

कोणी म्हणेल, असे सेल महाग असतात. खरे आहे. पण एक सेल शेकडो वेळा भरता येतो. घड्याळात मात्र साधाच सेल घालावा, कारण तिथे करंट अगदी थोडा लागतो. साधा सेल कधीही भरायला लावू नये. तो गळतो, फुटतोसुद्धा.

कोणी म्हणेल, हे शहरातल्या मुलांचे काम. मला नाही पटत. मुंबई उपनगरात पवईला आयआयटी आहे. तिथले तेव्हाचे प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी यांच्या उपक्रमातून २०१४ पासून खेड्यातल्या मुलांना अभ्यासासाठी लाखो सौरदिवे मिळाले. ते दिवे खेड्यातल्याच माणसांनी शिकून जोडले. मग आपल्याला का जमणार नाही?

म्हणून शाळेत एक बोर्ड आणावा. सातवीच्या मुलांनी गुरुजींसमोर तो जोडावा. आम्ही चौथीच्या मुलांनी वहीत वेळ आणि व्होल्ट लिहावेत. मेलेले सेल एका डब्यात जमवावेत. २०२२ च्या नियमाप्रमाणे जुने सेल परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांची आहे. डबा भरला की कंपनीला पत्र पाठवावे. पत्र मी लिहीन, गुरुजींनी फक्त शुद्धलेखन तपासावे.

— इयत्ता ४ थी