गृहपाठ मोबाइलवर, पण लेकरू कुणाजवळ?

रोवणीचा हंगाम सुरू झाला की गोसीखुर्द परिसरातल्या अनेक घरांत दिवेलागणीपर्यंत मोठं माणूस नसतं. आई-वडील धानाच्या बांधीत आणि घरातला एकुलता मोबाइल वडिलांच्या खिशात. तो रात्री आठला घरी येतो. शाळेच्या ग्रुपवर आलेला गृहपाठ पहिली-दुसरीतलं लेकरू तेव्हा उघडतं आणि मंद उजेडात, जेवताजेवता पडदा डोळ्यांजवळ धरून बसतं.

पुढे डोळे चोळणारं हे लेकरू ओपीडीत येतं. ‘शाळेचंच पाहते तो, साहेब,’ आई सांगते. ती खरंच बोलत असते. आम्ही नजर तपासतो. पण थेंबांची बाटली देऊन हा प्रश्न सुटत नाही.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडले, पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर ते आले. या कामासाठी २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. धडा घरापर्यंत पोचला, हे मोठंच काम आहे. पण घरी तो पाहताना लेकराशेजारी कुणी आहे का?

लहान मूल भाषा शिकतं ती देवाणघेवाणीतून. त्यानं विचारायचं, आपण उत्तर द्यायचं, पुन्हा त्यानं विचारायचं. व्हिडिओ बोलतो, पण लेकराचं ऐकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा, तोही जितका कमी तितका चांगला, असं सांगितलं. अंगणवाडीच्या वयाला हे लागू आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: पहिली-दुसरीचा मोबाइल लेकरासाठी नको, पालकांसाठी हवा. गुरुजींनी लांबलचक मजकूर टाकण्याऐवजी एक मिनिटाचा आवाजी निरोप पाठवावा, जमल्यास आपल्या झाडीबोलीत: ‘आज लेकराला पऱ्ह्याच्या जुड्या मोजायला सांगा.’ वाचता न येणारी आईही हा अभ्यास घेऊ शकते. लेकरू गोष्ट सांगेल, ती रेकॉर्ड करून आई गुरुजींना पाठवेल. धडा पाहायचाच असेल तर दहा मिनिटं, शेजारी बसून, उजेडात, हातभर अंतरावरून. जेवताना आणि झोपण्याआधीचा तासभर नाही. दिवसा उघड्यावर खेळणं तर नजरेसाठीही चांगलं.

फळ्याजवळ सरकणारं किंवा हाक मारली तरी न वळणारं मूल ‘ढ’ नसतं. शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला ते आधी दाखवा.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजेल आणि दीड तास घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद राहतील. एकट्या आईला जे जमत नाही ते गावानं ठरवलं की जमतं. आपल्याकडे गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडायचे झाले की नदीकाठच्या गावांना इशारा मिळतो आणि आपण तो मानतो. लेकरांसाठीही असा एक इशारा ग्रामसभेनं ठरवावा. रोवणीच्या दिवसांत वेळ आठची ठेवा, दीड तास जमत नसेल तर अर्धा तास ठेवा. पण तो अर्धा तास आई-बापाचा असू द्या.