विश्लेषण : न्यायालयाने निर्दोष सोडले, तरी ‘गूगल’वरची अटक का पुसली जात नाही?

ऐरोली, महापे किंवा बेलापूरच्या कंपनीत मुलाखत झाली, पगाराची बोलणीही झाली आणि नंतर एचआरचा फोनच आला नाही, तर कारण मुलाखतीत नसेलही. ऑफर लेटर देण्याआधी उमेदवाराचे नाव गूगलवर टाकून पाहिले जाते. लग्न जुळवताना, भाडेकरू ठेवतानाही तेच. दहा वर्षांपूर्वीच्या अटकेची चार ओळींची बातमी तिथे सर्वात वर असेल आणि पुढे निर्दोष सुटल्याची बातमी कुणी दिलीच नसेल, तर शोधणाऱ्याच्या लेखी ती व्यक्ती आजही आरोपीच असते.

गूगलने ठरवले तर काढता येते ना?

गूगल मजकूर लिहीत नाही, तो कोणत्या पानावर आहे याची नोंद ठेवते. नोंद काढली तरी मूळ पान राहते आणि त्याची लिंक व्हॉट्सॲपवर फिरतच राहते. उलट मूळ पानच हटले, तर काही दिवसांत निकालही नाहीसा होतो. म्हणून पहिला अर्ज गूगलकडे नव्हे, त्या संकेतस्थळाकडे करायचा असतो.

काही बाबतीत गूगल थेट अर्ज स्वीकारते. घरचा पत्ता, खासगी मोबाइल क्रमांक, बँक खाते, ओळखपत्राचे किंवा सहीचे छायाचित्र, वैद्यकीय कागदपत्रे, संमतीशिवाय टाकलेली खासगी छायाचित्रे यांसाठी ऑनलाइन फॉर्म आहे. बातमी किंवा सरकारी नोंद केवळ गैरसोयीची आहे म्हणून मात्र सहसा काढली जात नाही.

‘विसरले जाण्याचा हक्क’ भारतात आहे का?

युरोपात आहे. थकबाकीपोटी झालेल्या लिलावाची १९९८ मधील जाहिरात आपल्या नावाखाली दिसते, ही एका स्पॅनिश नागरिकाची तक्रार होती. युरोपीय न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी गूगलला तो दुवा काढण्याची जबाबदारी दिली. वृत्तपत्राच्या संग्रहातली जाहिरात मात्र तशीच राहिली.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. पुढची वाट उच्च न्यायालयांनी आपापल्या परीने काढली. अमली पदार्थांच्या खटल्यातून सुटलेल्या एका अमेरिकी नागरिकाला जुन्या निकालामुळे नोकरी मिळत नव्हती. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तो निकाल शोधयंत्रांतून हटवण्याचा अंतरिम आदेश दिला. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने दुसऱ्या एका निर्दोष व्यक्तीची अशीच मागणी फेटाळली. खंडपीठाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ती मान्य केली आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. खुल्या न्यायालयात दिलेला निकाल ही सार्वजनिक नोंद आहे, ती कशी पुसायची, हा प्रश्न इथे आडवा येतो. प्रश्न रास्तही आहे. उद्या एखादा बिल्डर किंवा नगरसेवक हाच हक्क पुढे करील.

नव्या डेटा कायद्याचा उपयोग?

मर्यादित. २०२३ च्या कायद्यात माहिती दुरुस्त करण्याचा व पुसून मागण्याचा हक्क आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली. पण स्वतःहून जाहीर केलेली किंवा कायद्याने जाहीर करावी लागणारी माहिती त्याच्या कक्षेबाहेर आहे आणि न्यायदानाच्या कामालाही बरीच सूट आहे. मोबाइल क्रमांक विकणाऱ्या ॲपविरुद्ध हा कायदा कामी येईल. निकालपत्राविरुद्ध फारसा नाही.

मग पैसे घेऊन ‘नाव साफ’ करणाऱ्या कंपन्या?

त्यांचे सरळ काम म्हणजे चांगली पाने वर आणणे, म्हणजे वाईट पान मागे पडते. लिंक्डइनचे पूर्ण भरलेले प्रोफाइल आणि स्वतःच्या नावाचे छोटे संकेतस्थळ हे कुणालाही जमण्याजोगे आहे. ‘शंभर टक्के काढून देतो’ म्हणणाऱ्यांपासून जपावे. बातमीची मागच्या तारखेची नक्कल तयार करून मूळ बातमीवरच कॉपीराइटची खोटी तक्रार करण्याचे प्रकार जगभर उघड झाले आहेत. ‘एलिमिनालिया’ या स्पॅनिश कंपनीच्या अशा उद्योगांवर २०२३ मध्ये पत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय गटाने प्रकाश टाकला होता.

निर्दोष सुटलेल्याने काय करावे?

निकालाची प्रमाणित प्रत काढून ती बातमी देणाऱ्या वृत्तपत्राच्या संपादकाला आणि डिजिटल विभागाला ईमेलने पाठवावी. ‘बातमी काढा’ या मागणीला सहसा नकार मिळतो, कारण अटक झाली होती हे खरेच असते. त्याऐवजी दोन गोष्टी मागाव्यात. एक, बातमीच्या सुरुवातीलाच निकालाची तारीख व न्यायालयाच्या नावासह सुटकेची नोंद. दुसरी, त्या पानाला ‘नोइंडेक्स’ची खूण. ही पानाच्या कोडमधली एक ओळ असते. बातमी संग्रहात राहते, पण गूगलवर नाव टाकल्यावर येत नाही. तांत्रिकदृष्ट्या हे काही मिनिटांचे काम आहे. अडते ते ‘एकाला दिले तर सगळे मागतील’ या भीतीपाशी.

संपादकाने बदल केल्यावरही जुना उतारा शोधात दिसत राहिला, तर जुना मजकूर ताजा करण्याचे गूगलचे वेगळे टूल आहे. त्यात त्या पानाची लिंक द्यायची असते; वकील लागत नाही आणि शुल्कही नाही.