विश्लेषण : बाळ अतिदक्षता विभागात, आईवडिलांचा ताण कसा मोजतात?

अपुऱ्या दिवसांचे बाळ अतिदक्षता विभागात गेले, की त्याचे वजन, श्वास, प्राणवायूची पातळी सतत नोंदली जाते. दाराबाहेर बसलेल्या आईवडिलांच्या ताणाची नोंद मात्र क्वचितच होते. वास्तविक तो मोजण्याचे साधन तीन दशकांपासून उपलब्ध आहे.

मोजपट्टी कोणती?

अमेरिकेतील परिचर्या संशोधक मार्गारेट माइल्स व सहकाऱ्यांची ‘पीएसएस-एनआयसीयू’ ही प्रश्नावली १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे २६ प्रश्न तीन गटांत आहेत. विभागातील दृश्ये व आवाज, बाळाचे दिसणे-वागणे आणि पालक म्हणून बदललेली भूमिका. प्रत्येक अनुभवाला १ ते ५ गुण द्यायचे. १९८७ मधील १० प्रश्नांची ‘एडिनबरा’ चाचणी प्रसूतीनंतरचे नैराश्य हेरते. ही प्रश्नावली ताणाचे कारण सांगते.

सर्वाधिक ताण कशाचा?

यंत्रांचे आवाज किंवा नळ्या, असे वाटू शकते. पण अनेक अभ्यासांत तिसरा गट वर येतो. बाळाला कुशीत घेता न येणे, त्याच्या वेदना थांबवता न येणे हे अधिक जिव्हारी लागते.

आकडा फसवा कधी?

गुण दोन प्रकारे काढतात. एकात फक्त अनुभवलेल्या गोष्टी धरतात. दुसऱ्यात न अनुभवलेल्या गोष्टीला १ गुण, म्हणजे ‘ताण नाही’. ज्या आईला आत प्रवेशच नाही, तिने यंत्रांचे आवाज ऐकलेलेच नसतात. दुसऱ्या पद्धतीत तिचा एकूण ताण त्यामुळे कमी दिसू शकतो. म्हणून आकड्यासोबत भेटीचे नियमही पाहावे लागतात.

भारतात काय स्थिती?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये ‘कुटुंब सहभागी काळजी’ची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानुसार जिल्हा रुग्णालयांतील विशेष नवजात कक्षांत पालकांना हात धुण्यापासून दूध पाजण्यापर्यंतचे प्रशिक्षण देऊन काळजीत सामील करायचे आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीसह पाच ठिकाणच्या चाचणीत जन्मानंतर लगेच ‘कांगारू’ पद्धतीने आईच्या उराशी ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले. म्हणजे आईला आत घेणे ही केवळ सहानुभूती नव्हे, तर उपचारही आहे.

पुढे काय?

प्रश्नावली भरून घेणे सोपे. अपुऱ्या परिचारिका, आईसाठी नसलेली खाट आणि वडिलांना बंद असलेले दार हे खरे अडथळे. ते हटले नाहीत, तर मोजलेला ताण कागदावरच राहील.