आवाज जपायचा तर जागेचा हिशेब शिका

आपल्या चळवळीचा मोठा इतिहास कागदावर नाही, माणसांच्या स्मरणात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा पाहिलेले दहा वर्षांचे मूल आज ऐंशीच्या आसपास आहे. नामांतर लढ्यात लाठ्या खाल्लेली पिढीही थकत चालली आहे. या माणसांचे बोलणे आपण मोबाईलवर टिपतो आणि ‘स्टोरेज फुल’ दिसले की तीच फाईल आधी उडवतो. लग्नाचे व्हिडिओ राहतात, आजीची साक्ष जाते.

जागा नाही, हे कारण आम्हाला मान्य नाही. हिशेब करा. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, स्टिरिओ अशी वेव्ह फाईल तासाला सुमारे २ जीबी खाते. पण एका माइकसमोर एकच माणूस बोलत असेल तर स्टिरिओ कशाला? १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो ठेवा. तासाला सुमारे ३१८ एमबी लागतात. ६४ जीबीच्या एका कार्डात जवळपास २०० तास बसतात. ढोलकी, कोरस असलेला जलसा असेल तर स्टिरिओ घ्या. जागा दुप्पट लागेल, एवढेच.

काही मित्र म्हणतात, सरळ एमपी३ करा, १२८ केबीपीएसला तासाला ५८ एमबीत काम होते. ऐकायला आणि वाटायला ते बरोबरच आहे. पण एमपी३ फाईल लहान होते ती आवाजातला काही भाग कायमचा टाकून देऊन. तीच फाईल पुन्हा कापली, पुन्हा एमपी३ केली, की आणखी गळती. गेलेले परत येत नाही. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेजही असाच दाबून लहान केलेला असतो. त्याला जतन म्हणू नये. जागा वाचवायचीच असेल तर मूळ फाईल फ्लॅकमध्ये ठेवा. आकार बराच घटतो, आवाजातले काहीही जात नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. मूळ वेव्ह किंवा फ्लॅक, वाटायला एमपी३. मूळ फाईलच्या दोन प्रती, दोन वेगळ्या घरी. फाईलच्या नावात तारीख, गाव आणि विषय.

आपला इतिहास इतरांनी पुसला, हे आपण सभांमधून सांगतो. मग आपल्याच हातातल्या मोबाईलवर तो कोण पुसतो आहे? येत्या रविवारी आपल्या वस्तीतल्या एका तरी ज्येष्ठाकडे जा. आधी कार्ड रिकामे करा, मग बसा.

जयभीम!