शनवार तेली

अलिबागेकडे आजोळ असलेल्या एका वाचक भगिनीनें विचारिलें आहे कीं, तिकडील वृद्ध माणसांच्या तोंडीं ‘शनवार तेली’ असा शब्द येई. ही तेल्यांची कोणती पोटजात?

ही तेल्यांची पोटजात नव्हेच. हे बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. नवगांवच्या किनाऱ्यास जहाज फुटून वांचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश झाला, असें ते परंपरेनें सांगतात. ग्रंथ गेले, हिब्रू भाषा विसरली. गांवावरून किहीमकर, दिवेकर, राजपूरकर अशीं आडनांवें पडलीं. राहिलें तें थोडें: सुंता, खाण्याचे निर्बंध, ‘शेमा’ नामक ईश्वरैक्याचें वचन, आणि शनिवारीं घाण्यास बैल न जुंपणें. पुढें दावीद राहाबी नांवाच्या यहुद्यानें त्यांस ओळखिलें म्हणतात, तें माशांवरून. घरच्या बायकांनीं खवले व पर असलेले तेवढेच मासे रांधावयास घेतले!

शनिवारचा नेम मात्र पोटावर येणारा होता. गिऱ्हाईक दारीं उभें असतां ‘आज नाहीं’ म्हणावयाचें, आणि तेंही कारण सांगणारा ग्रंथ घरांत नसतां. शेजाऱ्यांनीं त्याचें कौतुक केलें नाहीं; नांव ठेविलें.

हा शनिवारही आपला नव्हे. आपला वार सूर्योदयास लागतो, त्यांचा सूर्यास्तास. म्हणून शब्बाथ लागतो तो शुक्रवारीं सायंकाळीं. त्या काळांत एकूणचाळीस प्रकारचीं कामें वर्ज्य, त्यांत अग्नि पेटविणेंही आलें. म्हणून स्वयंपाक आधींच उरकावयाचा, आणि गृहिणीनें दिवा लावावयाचा तो सूर्यास्तापूर्वीं. पुष्कळ ठिकाणीं अठरा मिनिटें आधीं लावण्याचा प्रघात आहे. दुसरे दिवशीं आकाशांत तीन तारे दिसले कीं शब्बाथ सुटला. आमच्या पिंगळीस सूर्य मुंबईपेक्षां सुमारें सोळा मिनिटें आधीं मावळतो, तेव्हां एखादें यहुदी कुटुंब येथें राहतें तर मुंबईचें कोष्टक त्यास कामाचें नव्हतें. पंचांग पाहणाऱ्यांस हें निराळें सांगावयास नको.

नित्य प्रार्थना तीन: सकाळची शाखरीत, दुपारची मिन्हा, रात्रीची अर्वीत. यांच्या वेळा काढण्याची रीत पाहून मला मौज वाटली. आपण दिनमानाचे पंधरा भाग करून त्यास मुहूर्त म्हणतों. ते बारा करितात. दिनमान अकरा तासांचें असतां त्यांचा ‘तास’ पंचावन्न मिनिटांचा, तेरा तासांचें असतां पासष्टांचा. सकाळचा ‘शेमा’ तिसरा भाग संपण्याच्या आंत म्हणावयाचा. आपल्याकडेही तारे दिसत असतां केलेली प्रातःसंध्या उत्तम मानिली आहे. नोकरींत असतां माझी सायंसंध्या किती वर्षें चुकली, हें येथें लिहावयास संकोच वाटतो. कारण सांगावयाचें तर सायंकाळची शिकवणी, आणि तिचे पैसे. म्हणूनच त्या घाण्याचा विचार मनांतून जात नाहीं.

मुंबईंत १७९६ सालीं सामाजी हसाजी दिवेकर यांनीं त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर उभारिलें. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाचा हग्गादा ग्रंथ एकोणिसाव्या शतकांत मराठींत छापिला गेला, आणि १८८० पासून आपल्या हरिदासी पद्धतीचीं कीर्तनेंही ते करूं लागले. आख्यान अब्राहामाचें, चाल ओवी-साकीची! १९४८ नंतर बहुतेक कुटुंबें इस्रायलास गेलीं. तेथेंही ‘तुम्ही पूर्ण यहुदी आहांत काय?’ असा प्रश्न विवाहाच्या वेळीं त्यांस ऐकावा लागला, आणि १९६४ पर्यंत त्यासाठीं झगडावें लागलें. इकडे अडचण निराळी. सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि कोंकणांतील कित्येक मंदिरांत आतां दहा जमत नाहींत.

भगिनीचें आजोळीं जाणें झालें, तर अलिबागेच्या इस्रायल आळींत ‘मागेन आबोथ’ हें मंदिर आहे, तें पाहून यावें. शनिवारीं मात्र कोणास दार उघडून दाखविण्याची तसदी देऊं नये.