आपल्या गोळ्या कुत्र्याला नकोत

परवा एक गृहस्थ इंजेक्शन घ्यायला आले. घरच्याच कुत्र्याने हाताला चावा घेतला होता. "डॉक्टर, सात वर्षांत कधी गुरगुरला नाही. महिनाभरात स्वभावच पालटला!" चौकशी केली तेव्हा कळले, कुत्र्याला खाज सुटली म्हणून आईच्या दम्याच्या उरलेल्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या ते त्याला रोज चारत होते.

मी माणसांचा डॉक्टर. परंतु हे औषध माणसाला काय नि कुत्र्याला काय, सारखेच. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते, त्याचीच ही कृत्रिम बहीण. खाज थांबते हे खरे, पण तिचा परिणाम मेंदूवरही होतो. माणसाची झोप उडते, चिडचिड वाढते. कुत्र्याची तहान-भूक वाढते, तो धापा टाकतो, रात्रभर येरझारा घालतो. काही कुत्री ताटलीजवळ गेलेल्याच्या अंगावर येतात.

काही कुत्र्यांच्या शरीरातच कॉर्टिसॉल जास्त तयार होते. अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली माणसांत वर्णन केलेला हा विकार कुत्र्यांत बहुधा मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीच्या गाठीमुळे होतो. गाठ मोठी झाली तर मेंदूवर दाब येतो. कुत्रे मंदावते, गोल गोल फिरते, भिंतीला डोके टेकवून उभे राहते. आपण म्हणतो, "म्हातारा झाला."

दोष एकट्या त्या गृहस्थांचा नाही. गोळी कशाची आहे हे आम्ही डॉक्टर सांगत नाही आणि काही दुकानदार चिठ्ठीशिवाय ती देतात. स्टेरॉइड वाईट नव्हे; मापाविना दिलेले स्टेरॉइड वाईट.

वाचकहो, एवढे लक्षात ठेवा. बरेच दिवस दिलेली गोळी एकदम बंद करू नका. शरीराची स्वतःची ग्रंथी तोवर सुस्तावलेली असते. कुत्रे गळून जाऊन जिवावर बेतू शकते. पशुवैद्याच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवा. सोबत अंगदुखीची गोळी तर मुळीच नको. जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो.

आणि कुत्र्याचा स्वभाव बदलून ते चावले, तर "गोळीमुळे असेल" म्हणून स्वस्थ बसू नका. आधी रेबीजची शंका घ्या. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. ते गृहस्थ आले, हेच त्यांनी शहाणपणाचे केले.